नव्या शिक्षकाने आधी वाचन तपासायला शिकावं

मनपाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत थेट वर्गावर उभं राहून शिकणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात जो तो एकच विचारतो: पाठ किती झाले? माझ्या मते हा प्रश्न दिवाळीपर्यंत बाजूला ठेवावा. चौथीच्या एकाच वर्गात कुणी गोष्ट घडाघडा वाचतं, तर कुणाला अजून अक्षरं लागत नाहीत. कोण कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर पाठाचं टाचण कितीही नेटकं असो, अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जातं.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैचा पहिला पंधरवडा वाचन तपासणीला द्यावा. 'असर' या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. एकेका मुलाला व्हरांड्यात घ्यायचं आणि पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा द्यायचा. तीनपर्यंत चुका चालतील, पण वाचन वाक्याचं व्हायला हवं, सुट्या शब्दांचं नाही. जमलं तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमलं तर शब्द, पाचपैकी चार बरोबर. तेही अडलं तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात.

बिघडतं ते बारीक गोष्टींत. उतारा बालभारतीतला घेतला की मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं, म्हणून मजकूर न पाहिलेलाच हवा. वर्गात तपासलं की शेजारचा पुटपुटतो. मूल थांबलं की नव्या शिक्षकाच्या तोंडून पहिलं अक्षर निसटतं. तिथे गप्प राहणं हीच मोठी शिकवण.

आपल्याकडच्या बोलीचं भान तर हवंच. 'जात आहे' छापलेलं असताना मूल 'जाऊन राहिला' वाचतं, तेव्हा त्याला अर्थ लागलेला असतो. हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मजुरांच्या घरचं मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणतं. तो उच्चार आहे, अक्षर न येणं नव्हे. अशा मुलांना खालच्या गटात टाकणं हा अन्याय आहे.

वाचनाच्या पातळीनुसार गट रोज तासभरासाठीच करावेत आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलावेत. नाहीतर 'हुशार' आणि 'ढ' अशी कायमची नावं पडतात. शिक्षक अक्षरगटाजवळ बसला की गोष्टवाला गट पाच मिनिटांत मोकळा होऊन गोंधळ घालतो. त्याच्यासाठी आधीच दोन कामं तयार हवीत: वाचून तीन प्रश्न तयार करणं आणि गोष्टीचा शेवट बदलून लिहिणं.

नव्या शिक्षकाच्या मार्गदर्शकाने वर्गात मागे बसून शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा मुलांकडे पाहावं. पंधरा मिनिटांत वेगवेगळी किती मुलं बोलली, ते वर्गाच्या नकाशावर टिंबांनी नोंदवावं. टिंबं बहुधा पुढच्या दोन रांगांतच साचतात. त्याच दिवशी, सुट्टीत दहा मिनिटं, एकच मुद्दा बोलावा आणि तो तिथेच करून घ्यावा. मुद्दा मागची मुलं गप्प राहण्याचा असेल, तर प्रश्न विचारून पाच सेकंद थांबायचं आणि मगच नाव घ्यायचं, हे उभं राहून चार-पाचदा. पंधरा सूचनांची यादी वहीतच राहते. पुढच्या भेटीत तेवढंच पाहावं. ते अंगवळणी पडलं असेल तरच नवा मुद्दा काढावा.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या गावांत कापूसवेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते. परतलेल्या मुलाला वर्ग पुढे गेला म्हणून मागे बसवू नये. त्याच दिवशी व्हरांड्यात पुन्हा तपासून, येईल त्या पातळीच्या गटात घ्यावं.