जिप्सीच्या पुढच्या चाकांची फडफड: मूळ दोषापर्यंत पोहोचताना

पुढची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलने (आडव्या दांड्याने) जोडलेली असतात अशा गाडीत ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागतो आणि दोन्ही पुढची चाके एकाएकी डावी-उजवीकडे इतक्या जोरात फडफडू लागतात की स्टिअरिंग हातात धरवत नाही. माझ्या वापरलेल्या स्थितीत घेतलेल्या मारुती जिप्सीत हा प्रकार ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान होत असे. शिरोलीकडून कोल्हापुरात येताना पंचगंगेच्या पुलावरचा सांधा ओलांडला की फडफड सुरू होई आणि वेग ४०च्या खाली येईपर्यंत थांबत नसे. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये, कारण भार पुढच्या चाकांवर येऊन फडफड आणखी वाढू शकते. स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि मागचे वाहन पाहून गाडी हळूहळू कडेला घ्यावी.

आधीच्या मालकाने गगनबावड्याकडच्या चिखलवाटांसाठी गाडी उंच करून घेतली होती. पाट्यांना (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारे झुलते दुवे, लावलेले होते आणि मूळ २०५/७० आर १५ मापाच्या जागी २३५/७५ आर १५चे जड टायर होते. ही माहिती पुढे फार उपयोगी पडली, परंतु सुरुवातीला जो तो एकच उपाय सांगत होता: स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला शॉक ॲब्सॉर्बर, बदला. डॅम्पर बदलल्याने फडफड काही काळ दबते, हे खरे आहे. मात्र डॅम्परचे काम रस्त्याचे धक्के शोषणे हे आहे, सांध्यांतला ढिलेपणा झाकणे हे नव्हे. ढिले सांधे तसेच राहिले तर नवा डॅम्परही लवकर निकामी होतो आणि तोपर्यंत चालकाला गाडी सुधारल्याचा खोटा विश्वास वाटत राहतो. म्हणून मी ठरवले की दोष हाताला लागल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही.

या दोषात निमित्त आणि कारण या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आधी समजून घ्यावे लागते. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.३ मीटर भरतो. ताशी ६५ किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला जवळजवळ आठ वेळा फिरते. चाकात थोडेसे असंतुलन असले तरी सेकंदाला आठ धक्के बसतात, आणि पुढच्या जोडणीच्या स्वतःच्या हेलकाव्याची गती त्याच्या आसपास असली की प्रत्येक धक्का आधीच्या हेलकाव्यात भर घालत जातो. फडफड एका ठरावीक वेगपट्ट्यातच का येते, याचे उत्तर इथे आहे. पण सांधे घट्ट असतील तर एवढ्याशा असंतुलनाने स्टिअरिंग फक्त किंचित थरथरते. फडफडीला पेटवतो टायर आणि पोसतो ढिलेपणा.

त्यामुळे पहिली तपासणी बिनखर्चाची केली. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली, हवेचा दाब सारखा करून घेतला आणि त्याच रस्त्यावर गाडी पुन्हा चालवली. फडफड राहिली, फक्त थोड्या जास्त वेगाला सुरू होऊ लागली. टायरचा त्यात वाटा आहे, पण तो मूळ दोष नाही, हे यातून कळले. चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले आणि मग गाडी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मी जॅक काढू लागताच ते म्हणाले, "साहेब, चाकं भुईवरच राहू देत. गाडी वजनावर असतानाच ढिलं कुठं हाय ते दिसतंय."

ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. माझी मुलगी आत बसून स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे झटक्याने हलवत राहिली आणि आम्ही दोघे खाली एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहत गेलो. सांध्याचा एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग क्षणभर उशिरा हलतो, तो उशीर डोळ्यांपेक्षा बोटांना आधी जाणवतो. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर पक्का होता, त्याच्या बोल्टांभोवती तडा नव्हता. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकांचे वळणे एकत्र जोडणारा दांडा) यांचे बॉल जॉइंट ठीक होते. मात्र चाके वळण्यापूर्वी अख्खा ॲक्सल चॅसीच्या तुलनेत किंचित आडवा सरकत होता, कारण शॅकलचे रबरी बुश (सांध्यातली नळीसारखी अस्तरे) पूर्ण झिजले होते. जिप्सीत ॲक्सलला जागेवर धरण्याचे काम पाटेच करतात, त्यामुळे बुश गेले की ॲक्सलला आडवा आधार राहत नाही. कॉइल स्प्रिंगच्या जिम्नीसारख्या गाडीत हे काम ॲक्सल आणि चॅसी यांना जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड करतो. तिथे आधी त्याचे बुश आणि बोल्ट पाहावेत.

त्यानंतर ॲक्सल जॅकवर घेतला. चाक वर आणि खाली धरून हलवले, तेव्हा डाव्या चाकात स्पष्ट खेळ जाणवला. असा खेळ व्हील बेअरिंगचा असू शकतो किंवा किंग पिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिच्या, बेअरिंगचा. हा भेद ओळखण्यासाठी मुलीला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर चाकाची डिस्क आणि नकल (किंग पिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांत अडकतात, त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आणि तसाच राहिला तर किंग पिनचा. आमचा खेळ तसाच राहिला.

नकल उघडल्यावर सगळा उलगडा झाला. किंग पिनच्या टेपर बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या कड्यात) रोलरच्या आकाराच्या खाचा पडल्या होत्या, आणि त्याही चाक सरळ असतानाच्या नेमक्या जागी. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून बेअरिंग तेवढ्याच जागी मार खाते. किंग पिनवर ठरावीक ताण असतो तेव्हा तिथले घर्षणच चाकाचा हेलकावा शमवत असते. तो ताण गेला की चाक मोकळे सुटते. दोन्ही बाजूंची बेअरिंगे नवी घातली. टाय रॉड सुटा ठेवून, ऑइल सील बसवण्यापूर्वी, नकलच्या आर्मला स्प्रिंगचा काटा (ओढण्याचा जोर दाखवणारा वजनकाटा) अडकवून नकल ओढून पाहिली आणि मॅन्युअलमधला आकडा मिळेपर्यंत शिमा (पातळ चकत्या) कमी-जास्त केल्या. हे काम अंदाजाने करू नये. ताण कमी राहिला तर फडफड परत येते आणि जास्त झाला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही.

राहिला प्रश्न कॅस्टरचा, म्हणजे किंग पिन मागे किती झुकलेली आहे त्या कोनाचा. अलाइनमेंटवाले बहुधा फक्त टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळवणे) लावून देतात, कारण अशा ॲक्सलवर कॅस्टर बदलण्याची सोयच नसते. मी मुद्दाम कॅस्टर मोजून मागितला आणि तो जवळजवळ शून्य निघाला. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे लांब शॅकल लावला की ॲक्सल पुढे झुकतो आणि चाकाची सरळ राहण्याची ओढ कमी होते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर वाढवता येतो, परंतु त्याने ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) तोंड खाली वळते आणि तिला ताकद पोहोचवणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. म्हणून मी मूळ लांबीचे शॅकल आणि नवे बुश बसवले. गाडीची उंची थोडी गेली, याचे मला वाईट वाटले नाही.

शेवटी टो-इन लावून घेतले आणि डॅम्पर मुद्दाम काढून ठेवून, पहाटे रस्ता मोकळा असताना, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत गाडी त्याच पुलावरून नेली. सांध्यावर स्टिअरिंगला एक हलका धक्का बसला आणि ते तिथेच स्थिर झाले. त्यानंतरच डॅम्पर पुन्हा जोडला, आणि पाटे बसल्यानंतर ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले पडतात म्हणून काहीशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा कसून घेतले.