कुठल्या घाटानं?

सांगलीत कुणी समुद्रावर जायचं ठरवलं की समुद्राबद्दल कुणी काही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘कुठल्या घाटानं?’ मग आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली अशी नावं निघतात आणि जो तो आपापल्या घाटाची बाजू लावून धरतो. पूर्वी कधीतरी कुणाच्या लग्नाला फोंड्यानं उतरून कणकवली गाठलेला माणूस आजही फोंड्याचाच असतो. वाटेत दाजीपूरला गवा दिसला असेल तर विचारायलाच नको. समुद्र काय, तो खाली आहेच. त्याला कुठं जायचंय?

आमचं आणि समुद्राचं नातंच जरा आडवळणाचं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर. पण बाई त्याच्याकडं पाठ फिरवते, वाई, कऱ्हाड करत आमच्या आयर्विन पुलाखालून जाते, हरिपूरला वारणेला सोबत घेते आणि चौदाशे किलोमीटरची यात्रा करून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरच्या त्याच देवळात उगम सांगणारी सावित्री पश्चिमेला उडी टाकून बाणकोटच्या खाडीत केव्हाच पोचलेली असते. अशा नदीच्या काठी राहणाऱ्यांना समुद्राची सवय कुठून असणार? आम्हाला पाणी माहीत ते फुटात मोजायचं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, ‘आयर्विनला पातळी किती?’ 2005 आणि 2019 नंतर तर हा प्रश्न लहान पोरंही विचारतात.

तर यंदा किनाऱ्यानं गाडी घेऊन जायचं, एका ठिकाणी तळ ठोकायचा नाही, छोट्या छोट्या गावांत थांबत जायचं, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे त्यासाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. पहिली अडचण तारखेची. तासगावच्या दाजींची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की माल जाईपर्यंत ते बागेचे कैदी. आज दावण्या रोगाची फवारणी, उद्या भुरीची. त्याआधी पावसाळ्यात त्यांना जरा सवड असते, तर तेव्हा मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाच्या होड्याच बंद. राहता राहिली माल निघून गेल्यानंतरची आणि खरडछाटणीच्या आधीची फट. वेलींना विश्रांती असते तेव्हाच दाजींनाही असते. ती फट एप्रिलच्या तोंडाशी येते, म्हणजे नेमकी पोरांच्या परीक्षेत. शेवटी परीक्षेचं वेळापत्रक आणि छाटणीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बायकोनं तारीख काढली. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनाही एवढे ग्रह सांभाळावे लागत नसतील.

दाजींचा एक कायमचा प्रश्न असतो, ‘मग गोवा किती लांब राहतंय?’ त्यांना ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही.

नकाशा उघडला की पहिल्यांदा एक गैरसमज जातो. समुद्र सतत उजव्या हाताला आणि आपली गाडी त्याच्या कडेनं चाललीय, असं काही कोकणात होत नाही. किनारा म्हणजे कुरतडलेला पापड आहे. दर थोड्या अंतरावर एक खाडी आत घुसते आणि रस्त्याला तिच्या कडेनं पूल सापडेपर्यंत आत जावं लागतं. विजयदुर्गाच्या तटावर उभं राहिलं की वाघोटनच्या खाडीपलीकडं रत्नागिरी जिल्हा समोर दिसतो, पण गाडीनं तिथं जायचं म्हणजे मोठा वळसा. देवबागच्या टोकावरून कर्ली नदीच्या पलीकडं भोगवे दिसतं. होडी लगेच नेते, गाडीला मात्र पुन्हा मागं फिरून पूल गाठावा लागतो. शाळेत आपण भारताचा किनारा 7516 किलोमीटर असं पाठ केलं होतं. अलीकडं खाड्या आणि वळणं बारकाईनं मोजली तर तोच किनारा 11,098 किलोमीटर भरला. जमीन काही वाढली नाही. आपण आधी सरळ मोजत होतो, एवढंच. कोकणच्या प्रवासाचा हिशेब नेमका याच जागी फसतो: फोनवर चाळीस किलोमीटर दिसतात आणि दुपारचं जेवण हुकतं.

उत्तरेकडं हा प्रश्न जंगलजेटीनं सोडवलाय. दिघी–आगरदांडा, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा ठिकाणी गाडीसकट पलीकडं नेणाऱ्या बोटी आहेत. धाकट्या भावाला तेवढ्यासाठी तिकडं जायचं होतं. गाडी बोटीवर चढवायची आणि आपण वर जाऊन उभं राहायचं, यात काय गंमत आहे ते मलाही कळतं. पण मग आंब्यानं किंवा कुंभार्लीनं उतरावं लागतं आणि खालचा सिंधुदुर्ग राहतो. मतदान घेतलं. दक्षिण जिंकली. आईचं मत एकट्याचं नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

घाटाचा निकाल लावायला आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नकाशा दाखवला तर त्यांनी फोन उलटा ठेवला. ‘गगनबावड्यानं जा. बावड्यात रस्ता फुटतोय. करूळनं गेलास तर वैभववाडी, भुईबावड्यानं गेलास तर खारेपाटण. पण निघायच्या आधी कुणाला तरी फोन कर. घाट बंद हाय का चालू, ते फोनमधल्या बाईला कळत नसतंय.’ हे खरंच आहे. काँक्रिटीकरणासाठी करूळ घाट 2024 मध्ये बंद झाला तेव्हा किती गाड्या बावड्यापर्यंत जाऊन वळल्या असतील!

मुक्कामाची गावं निवडायची कसोटीही अण्णांचीच. ‘ज्या गावाला वस्तीची गाडी जाती, तिथं राहायचं,’ ते म्हणाले. वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटची जाऊन गावातच थांबणारी आणि पहाटे पहिली निघणारी एसटी. अशा गावात ड्रायव्हर-कंडक्टर उन्हाळ्यात गाडीच्या टपावर अंथरूण टाकतात, तिकिटाची पेटी उशाशी घेतात. पहाटे पाचला त्यांना चहा लागतो, म्हणून एक तरी टपरी उजाडायच्या आत पेटलेली असते. गाडी बंद पडली तर बघायला मिस्त्री असतो. रात्री उशिरा कुणी पोचलं तर ‘कुणाकडं आलात?’ असं विचारणारा माणूस असतो. तारांकित रिसॉर्टला यातलं काही नसतं. तिथं पोहण्याचा तलाव असतो, तोही समुद्राच्या काठावर, आणि त्याचे वेगळे पैसे.

या कसोटीनं पहिलं नाव राजापूरचं आलं आणि घरात कुणालाच पटलं नाही. ‘राजापूरला समुद्र कुठाय?’ नाहीच. अर्जुना नदी आहे आणि पावसाळ्यात जवाहर चौकात तिचं पाणी येतं. सांगलीकराला तेवढी ओळख पुरे. पण हे एकेकाळचं बंदर. खाडीतून गलबतं थेट इथवर यायची. पुढं खाडी गाळानं भरत गेली. इंग्रजांनी इथं वखार घातली, ती शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये लुटली. पण मुळात वखार इथं का घातली, तर अणुस्कुऱ्याच्या घाटानं देशावरचा माल बैलांच्या पाठीवर इथं उतरायचा म्हणून. म्हणजे आपण ज्याला कोकण-कोकण म्हणतो त्या गावांचं पोट आपल्याच घाटांवर चालत होतं. घाटाच्या वरच्या टोकाला एक पेठ, खालच्या टोकाला एक बंदर. सांगलीचा माणूस ‘कुठल्या घाटानं?’ विचारतो ती खरं तर जुन्या व्यापाऱ्याचीच चौकशी आहे. हे मी जेवताना सांगितलं, तर दाजी म्हणाले, ‘आमचा बेदाणा पण नेऊ मग थोडा.’

राजापूरला आईचा कौल मिळाला तो गंगेमुळं. तिथली गंगा काही काळानं एकाएकी चौदा कुंडांतून वाहू लागते आणि तशीच नाहीशी होते. पूर्वी साधारण तीन वर्षांनी येते असं म्हणत, अलीकडं तिला वाटेल तेव्हा येते. आई म्हणते, आपण जाऊ तेव्हा आलेली असली पाहिजे. आता हे कुठल्या अॅपवर बुक करायचं? नसलीच तर जवळच्या उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं पाय बुडवून आणायचं मी कबूल केलंय.

पुढं देवगड. एप्रिलात देवगडला जाऊन समुद्र बघतो म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आंबा हेच कारण. तिथून कुणकेश्वर जवळ. पूर्वी खाडीला वळसा घालून जावं लागायचं, आता तारामुंबरी–मिठमुंबरीच्या पुलानं तो वाचतो. मग आचरा. या गावाचं मला फार कौतुक आहे. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव, म्हणजे माणसं, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. गावपळण म्हणतात तिला. रानात झोपड्या बांधायच्या, एकत्र रांधायचं, भजनं करायची. आपल्याला चार माणसांची एक सहल ठरवताना घाम फुटतो आणि हे अख्खं गाव हलवतात, तेही घरदार ओस टाकून.

मालवणला मुक्काम ठेवलाय तो मात्र किल्ल्यासाठी नाही. 1664 मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग बघायचाच, आत राजाराम महाराजांनी बांधवलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे तेही बघायचं. पण पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली तर ती सोडायची नाही. होडी जाळं घेऊन समुद्रात मोठा अर्धगोल काढते आणि जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर येतात. मग दोन रांगा, एकेका दोराला कितीतरी माणसं, पाय वाळूत रोवून मागं रेलून ओढतात. शेवटचा माणूस दोर गुंडाळतो, सोडतो आणि पुन्हा पुढं पाण्यापाशी जाऊन पकडतो, म्हणजे रांग मागं सरकते आणि तिची शेपटी सारखी पुढं येते. याला खूप वेळ लागतो. काही घडतंय असं वाटतच नाही. मग एकदम पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं, घारी खाली येतात, आणि वाळूवर जाळं आलं की आधी सगळ्यांची नजर जाते ती बांगडा आहे का तारली यावर. आलेल्या मासळीचे वाटे पडतात; होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. बघ्यांचा वाटा नसतो, पण दोराला हात लावायला कुणी नाही म्हणत नाही.

खाण्याचा प्रश्न आमच्याकडं नाजूक आहे. मटणावर पोसलेली माणसं माशाच्या काट्याला घाबरतात आणि आईला तर दोन्ही चालत नाही. पण घरगुती खानावळीत काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे आणि सोलकढी मिळाली की तिचंही भागतं. तरीही एक पिशवी भडंगाची राहणारच. सांगलीचा माणूस चंद्रावर गेला तरी कांदा-कोथिंबीर आधी विचारेल.

वेंगुर्ल्याला काजूची कलमं घ्यायची ही दाजींची अट आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातींबद्दल ते इतकं बोललेत की आम्हालाही पाठ झालंय. तासगावच्या दुष्काळी माळावर काजू कुठं लावणार, हे त्यांना विचारायचं नाही असं ताईनं सांगून ठेवलंय. तिथून सावंतवाडी, चितार आळीत पोरांसाठी लाकडी खेळणी, आणि परत.

परतीचा घाट आंबोली. त्यावर वाद झाला नाही, कारण आंबोलीनं वर आलं की वाटेत आजरा लागतो आणि आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा असतो. किती किलो, यावर मात्र अजून एकमत नाही. आई म्हणते दहा. बायको म्हणते डिकीत आंब्याच्या पेट्या असतील, कलमं असतील, पाच बास. दाजींनी काल ग्रुपवर टाकलंय, ‘मग दुसरी गाडी काढू का? आणि गोव्याचं काय ठरलं?’