पंचेचाळीस अंशांचा गोळा

"सर, तुमी सांगतलं तसं फेकलं का माया गोया जवळच पडते."

अकरावीतल्या मुलीनं हे भर वर्गात सांगितलं. मी दारव्हा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आठवडाभर आधी प्रक्षेप्य गती, म्हणजे फेकलेल्या वस्तूची हवेतली गती, शिकवताना मीच फळ्यावर लिहिलं होतं: सर्वाधिक पल्ला जमिनीशी ४५ अंशांच्या कोनाला. तिनं ते मनावर घेतलं आणि तालुक्याच्या गोळाफेक स्पर्धेचा सराव तसाच सुरू केला.

तास थांबवून सगळा वर्ग मागच्या मैदानावर नेला. पावसानं उघडीप दिली होती. ओलसर काळ्या मातीत ४ किलोचा गोळा पडला की खळगी इतकी स्वच्छ उमटते की टेप कुठं लावायची यावर वाद होत नाही. तिच्या जुन्या सवयीची फेक ७.९८ मीटर, ४५ अंशांची ७.४३. तीन-तीनदा फेकायला लावलं. थोड्याफार फरकानं तेच.

चूक माझी होती. गोळा ज्या उंचीवरून सुटतो त्याच उंचीवर पडणार असेल, तरच ४५ अंश खरे. तिचा सुटतो जमिनीपासून १.७ मीटरवर. ही अट मी फळ्यावर लिहिलीच नव्हती. वेग सेकंदाला ८ मीटर धरून गणित मांडलं, तर सर्वोत्तम कोन ३९ अंश आला. मुलं खूश झाली. माझं समाधान होईना. तिच्या सवयीच्या ३५ अंशांना गणितानं ८ मीटर येतात, ४५ ला ७.९३. म्हणजे सुटण्याच्या उंचीमुळे पल्ल्यात पडणारा फरक जेमतेम ७ सेंटिमीटर. बाकीचा अर्धा मीटर गेला कुठं?

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या लांब भिंतीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरला खडूच्या रेघा मारल्या, तिला भिंतीला समांतर फेकायला लावलं आणि मोबाईलवर संथ गतीत चित्रण केलं. जुन्या फेकीचा वेग ८ मीटर, ४५ अंशांच्या फेकीचा ७.७. पल्ला साधारण वेगाच्या वर्गानं बदलतो, त्यामुळे एवढ्याशा फरकानंही अर्धा मीटर सहज जातो. पण वेगच का कमी व्हावा?

"वर ढकलतानी गोया जड लागते ना जी," ती म्हणाली. "पुढं ढकलला का हात सुटते."

उत्तर तेच होतं. जितकं वर ढकलावं तितका जोर गोळ्याचं वजन पेलण्यात जातो, वेग द्यायला कमी उरतो. खांदाही आडव्या दिशेला जास्त जोर लावू शकतो. जगातले अव्वल गोळाफेकपटूसुद्धा बहुधा ४० अंशांच्या आतच फेकतात. पुस्तकातल्या गणितात वेग कोनाप्रमाणे बदलत नाही, हाताचा बदलतो. तिच्या हाताला हे आधीपासून ठाऊक होतं आणि आठवडाभर मी ते मोडायला लावलं, याचं मला फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलंही.

स्पर्धेला चार दिवस उरले होते. त्यानंतर तिनं कोनाचा विचार सोडला. मोबाईलवर मी मोजत राहिलो. शेवटच्या सरावाला कोन ३६ होता आणि खळगी ८.०४ वर.