गणिताला किती वेळ द्यायचा?

नागपुरात सक्करदऱ्याला मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना गणित शिकवतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सांगतो की गणितावर एवढा वेळ घालवू नका. पालकांना हे चमत्कारिक वाटतं. मला ते मनापासून पटलेलं आहे.

यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतला दुसरा पेपर, आपला सीसॅट, 80 प्रश्नांचा आणि 200 गुणांचा. गणित आणि वाचून उत्तरं द्यायचे उतारे याच पेपरात येतात. पास व्हायला 66 लागतात. चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात, तरी 35 बरोबर आणि 20 चूक आले की माणूस सत्तरीत जातो. पुढे 66 असोत की 160, अंतिम यादीत त्यातला एकही धरत नाहीत. यादी लागते मुख्य परीक्षेच्या 1750 आणि मुलाखतीच्या 275 गुणांवर.

भिवापूरकडची एक मुलगी माझ्याकडे येते. इतिहासावर बोलायला लागली की वर्ग ऐकत राहतो. पण ओळख करून देताना काय म्हणाली? "सर, माहं गणित कच्चं आहे जी." शाळेपासून तिने हेच ऐकलेलं. दिवसभर शेकडेवारी आणि काळ-काम-वेग, इतिहास रात्री, झोप अनावर झाल्यावर. जे तिला सगळ्यांपेक्षा चांगलं येतं, त्याच्या वाट्याला उरलासुरला वेळ! मला फार वाईट वाटलं.

तिला म्हटलं, तुझं वाचन पक्कं आहे, आधी उतारे सोडव. पेपर हिंदी-इंग्रजीतच येतो, आणि त्यातली हिंदी आपली बर्डीच्या बाजारातली हिंदी नव्हे, म्हणून इंग्रजी उताराही सोबत वाच. गणितात गुणोत्तर, सरासरी, शेकडेवारी एवढं कर. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन सोडून दे.

कच्चं आहे ते तसंच राहू द्या, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. झाडाला जस्त कमी पडलं की पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. मग युरिया कितीही टाका, झाड सुधारत नाही. झिंक सल्फेट फवारावंच लागतं. पानं हिरवी झाली की बाबा ती फवारणी थांबवतात. सीसॅटला 65 मिळालेला मुलगा पहिल्या पेपरात कितीही हुशार असो, बाहेरच जातो. म्हणून सराव पेपरात 50 वर अडकलेल्याला मी रोज समोर बसवतो. सलग नव्वदीत यायला लागला, की त्याची गणिताची वही बंद.

तिचे आता उताऱ्यांच्या जोरावर तेवढे येतात. पुढे मुख्य परीक्षेत सक्तीचं इंग्रजी आहे, नुसतं पास व्हायला 300 पैकी 75 हवेत. त्याला रोजचं थोडं वाचन आणि आठवड्याला एक सारांशलेखन पुरे. सकाळ पूर्ण इतिहासाची, कारण ऐच्छिक विषयाचे 500 गुण तिथे आहेत.

परवा तिच्या आईचा फोन आला. "सर, पोरीच्या गणिताकडे लक्ष द्या जी." म्हटलं, ताई, गणिताचं झालं. तिला इतिहासाची पुस्तकं घ्यायची आहेत, तेवढे पैसे पाठवा.