आठ-एक झाल्यावर थांबायचं कशाला?

मेपल लीफ्स या टोरंटोच्या आइस हॉकी संघाचा चाहता म्हणजे 1967 नंतर तिथे न आलेल्या स्टॅनले कपाची, म्हणजे विजेतेपदाच्या चषकाची, वाट बघणारा माणूस. लीफ्स एखाद्या रात्री 8-1 ने जिंकले की त्याला मनापासून नाचावंसं वाटणारच. पण इथे एक गोष्ट फार खटकते. सहावा-सातवा गोल झाला की प्रेक्षकांचा आवाज उतरायला लागतो. दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू होते ती अशी, की एवढी आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत पॉवर प्लेला पहिली फळी, म्हणजे सगळ्यात तगडे खेळाडू, उतरवायची काय गरज होती? (क्रिकेटमधला पॉवर प्ले नव्हे. समोरचा एक जण शिक्षा म्हणून 2 मिनिटं बाहेर बसतो आणि पाचांविरुद्ध चार असा खेळ होतो.)

ही अपेक्षा नियमांच्या पुस्तकात कुठेही नाही. सामना हातात आला की एरवी कमी खेळणाऱ्या चौथ्या फळीला जास्त वेळ द्यायचा, पॉवर प्लेला दुसरी फळी पाठवायची, शेवटी पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) मैदानाच्या कडेच्या बोर्डाला लावून खेळवत घड्याळ संपवायचं, एवढं सगळं अलिखित आहे. यामागचा हिशेब मात्र खरा आहे. नेट रन रेटवर वाढलेल्या आपल्या डोक्याला तो लवकर पटत नाही, पण एनएचएलमध्ये (लीफ्स खेळतात ती उत्तर अमेरिकेतली लीग) विजयाचे गुण 2 च, फरक एका गोलाचा असो की आठांचा. गुण बरोबरीत आले तर आधी नियमित वेळेत जिंकलेले सामने मोजतात. त्यानंतर आणखी तीन कसोट्या लागतात आणि मगच गोलफरकाची पाळी येते. म्हणजे आठव्या गोलातून तक्त्यात जवळपास काहीच हाती लागत नाही. उलट ज्या स्टार खेळाडूला उद्या पुन्हा खेळायचंय, त्याचे पाय थकतात आणि चिडलेल्या प्रतिस्पर्ध्याचा एखादा फटका त्याला बसू शकतो.

तरीही, थांबा म्हणणाऱ्यांनी 13 मे 2013 ची रात्र आठवावी. बोस्टनविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांच्या पिरियडमध्ये लीफ्स 4-1 ने पुढे. बोस्टनने एक फेडला. मग शेवटच्या दीड मिनिटात गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला, दोन गोल केले आणि ओव्हरटाइममध्ये 5-4 ने सामना नेला. ज्यांनी हे बघितलंय, त्यांना पाचवा-सहावा गोल ही शुद्ध गरज वाटते.

धावफलक वाचतानाही सांभाळायला हवं. 5-1 दिसलं की एकतर्फी म्हणून मोकळं होऊ नका, आधी शेवटचे दोन गोल कधी झाले ते बघा. दोन मिनिटं उरली असताना 3-1 ने मागे असलेला संघ गोलकीपर काढतो, आणि रिकाम्या जाळ्यात लांबूनच दोन गोल पडतात. तो सामना खरं तर चुरशीचा असतो. शॉट्सचा आकडाही फसवतो. आघाडीवरचा संघ मागे सरकून बचाव करतो, हरणारा उरलेला वेळ मारा करत राहतो, त्यामुळे 7-2 ने हरलेल्याचे शॉट्स जास्त निघणं अगदी नेहमीचं. पहिल्या वीस मिनिटांतले शॉट्स वेगळे काढून बघितले तरच खरं कळतं. आणि 30 शॉट्सवर 8 गोल झाले असतील तर हुरळून जाऊ नये. साधारण गोलकीपर दहातले नऊ अडवतो, म्हणजे एरवी तीनच झाले असते. बाकीचे पाच पुढच्या सामन्यात होतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त लक्ष समोरच्या गोलकीपरकडे द्यावं. चौथ्या गोलानंतर त्याला बसवतात तेव्हा चूक त्याचीच असते असं नाही. बऱ्याचदा प्रशिक्षकाला खेळाची लय तोडायची असते. बदली गोलकीपर तासभर थंड बसून अचानक जाळ्यात येतो, त्याला वेगळा सराव मिळत नाही. म्हणून त्याचे पहिले दोन-तीन शॉट्स धोक्याचे. आणि बसवलंच नाही तर? 2 डिसेंबर 1995 ला डेट्रॉईटने मॉन्ट्रियलला त्यांच्याच घरी 11-1 ने हरवलं. मॉन्ट्रियलचा गोलकीपर पॅट्रिक रॉय नऊ गोल खाईपर्यंत जाळ्यात उभा होता. चार दिवसांत तो कोलोराडोला गेला आणि त्याच मोसमात कोलोराडोने स्टॅनले कप जिंकला. आपल्याला हे दुखणं नवं नाही. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानकडून 7-1 ने हरल्याचं ओझं भारताचे गोलकीपर मीर रंजन नेगींनी एकट्याने किती वर्षं वाहिलं! हरणाऱ्याचा मान राखायचाच असेल तर तो इथे, गोलकीपरच्या बाबतीत राखायला हवा.

गोल मारणाऱ्याला कशाला थांबवायचं? 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 ने हरवलं. रूप सिंगांचे 10, ध्यानचंदांचे 8. ती हॉकी गवतावरची, दोन खेळांची तुलना नीट जुळत नाही, हे कबूल. पण आपल्याकडे तो आकडा आजही छाती फुगवूनच सांगतात, आणि सांगावाच.

टोरंटोनेही फार सभ्यपणा शिकवू नये. 7 फेब्रुवारी 1976, मेपल लीफ गार्डन्स, समोर बोस्टन. दुसऱ्या पिरियडअखेर लीफ्स 8-4 ने पुढे होते. तिसऱ्यात डॅरिल सिटलरने आणखी तीन गोल ठोकले आणि सामना 11-4 वर संपला. त्या सामन्यात त्याचे सहा गोल, चार असिस्ट (गोलाला कारण ठरलेले पास); प्रत्येकाचा एक पॉइंट. एका सामन्यातल्या त्याच्या 10 पॉइंट्सचा एनएचएल विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बोस्टनचा गोलकीपर डेव्ह रीस शेवटपर्यंत जाळ्यात होता, त्यानंतर तो एनएचएलमध्ये पुन्हा खेळला नाही. आणि सिटलरने आठ-चारवर थांबायला हवं होतं, असं या शहरात कोणीही म्हणत नाही.