जूनच्या उन्हात टूसॉन : आई-बाबांना वाळवंट दाखवताना

आई-बाबा ॲरिझोनात आमच्याकडे आले तो काळ नेमका जूनचा होता आणि दोघांनाही टूसॉनचे उंच सवारो निवडुंग पाहायचेच होते. जूनमध्ये तिथे दुपारचे तापमान ३८ अंशांच्या वर जाणे हा नित्यक्रम असल्यामुळे ठिकाणे ठरवण्याआधी मी दिवसाचे तास वाटून घेतले. पहाटेची वेळ निवडुंगांसाठी ठेवली आणि दुपार डोंगरासाठी.

सवारो राष्ट्रीय उद्यानाचे दोन भाग शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असून मधले सगळे शहर ओलांडल्याशिवाय एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. मोटारीमागे २५ डॉलरचा सात दिवसांचा पास दोन्हीकडे चालतो. तो मी आदल्या रात्रीच ऑनलाइन काढला. बाबांचे गुडघे लक्षात घेऊन पूर्व भाग निवडला, कारण तिथला सुमारे १३ किलोमीटरचा डांबरी वळसा मोटारीत बसूनच पाहता येतो. सवारोला फांद्या फुटायला बहुधा पन्नासहून अधिक वर्षे लागतात, हे कळल्यावर आई प्रत्येक झाडाचे वय ठरवू लागली. याच महिन्यात त्याची फळे पिकतात आणि तोहोनो ओओधम हे इथले मूळ रहिवासी सवारोच्याच वाळलेल्या कण्यांपासून केलेल्या लांब काठीने ती पाडतात, हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपला आंब्याचा झेलाच की, फक्त जाळी नाही!" मोटारीतून उतरताना पायांत बंद बूट, जवळ भरपूर पाणी आणि खिशात कंगवा, हा माझा आग्रह होता. कंगवा अशासाठी, की चोया निवडुंगाचा काटेरी गोळा कपड्याला चिकटला, तर बोटांऐवजी कंगव्याने उडवावा लागतो.

ऊन चढताच आम्ही पेट्रोल भरून माउंट लेमनची वाट धरली. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटरवर आहे, तर शिखर २,७९१ मीटरवर. चाळीसेक किलोमीटरच्या घाटात निवडुंग संपून ओक आणि पुढे पाइनचे जंगल सुरू होते, आणि समरहेवन या वरच्या वस्तीत आईने चक्क शाल मागितली. हा घाट बांधताना कैद्यांना राबवले गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांवर लादलेली संचारबंदी मोडणारे गॉर्डन हिराबायाशी इथल्याच तुरुंग छावणीत होते, आणि त्या जागेला आता त्यांचे नाव आहे. माझ्या मते तिथे थांबल्याशिवाय हा घाट चढू नये.

सबिनो कॅन्यन ही टूसॉनजवळची दरी मात्र मी विचारपूर्वक वगळली. आत खासगी मोटारींना बंदी असल्याने चालावे तरी लागते किंवा विजेवर चालणाऱ्या उघड्या गाडीने जावे लागते, आणि दोन्ही जूनमध्ये सत्तरीच्या माणसांसाठी नाही. त्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.