बारा अक्षरांचा पत्ता

परवा दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत असताना, अमेरिकेतल्या वसतिगृहाच्या खोलीत बसून मी निन्टेंडो स्विच हे व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र विद्यापीठाच्या वायफायला जोडण्याच्या खटपटीत होतो. घरच्या वायफायला एकच पासवर्ड पुरतो. विद्यापीठाच्या नेटवर्कला मात्र प्रत्येकाचे वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड लागतो, आणि २०१७ साली बाजारात आलेल्या या यंत्रात पासवर्डसाठी जागा असली तरी नाव लिहायला रकानाच नाही. लॅपटॉप आणि फोन आपली ओळख सांगून केव्हाच आत गेले होते. खेळणे तेवढे उंबऱ्याबाहेर उभे होते.

अशा निनावी यंत्रांसाठी आमच्याकडे एक आडवाट ठेवलेली आहे. यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस आपल्या खात्यावर नोंदवला की त्याला वेगळ्या नेटवर्कवर घेतात. हा पत्ता म्हणजे यंत्राची नेटवर्कवरची ओळख, शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे यांतून जुळवलेली बारा चिन्हे. त्यांपैकी पहिल्या सहांवरून यंत्राचा कर्ता कळतो, म्हणजे आडनाव आधी आणि नाव नंतर, अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे.

फोनने फोटो काढून काम झाले असते, परंतु लांबलचक क्रमांक कागदावर उतरवून घेतल्याशिवाय तो खरा वाटत नाही, ही माझी जुनी खोड आहे. तिचे मूळ बाबांत आहे. वीजबिलाचा धनादेश लिहून झाला की त्याच्या पाठीवर ग्राहक क्रमांक लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. बाबा चष्मा कपाळावर सरकवून, बिल डोळ्यांजवळ धरून तो बारा आकडी क्रमांक तीन-तीनच्या गटांत सांगत, आणि शून्याला कटाक्षाने ‘पूज्य’ म्हणत. ‘एक, सात, पूज्य’ असे म्हणून ते थांबत, मी ‘हं’ म्हटल्याखेरीज पुढे सरकत नसत, आणि शेवटी मला सगळा क्रमांक उलट वाचून दाखवावा लागे. त्या वेळी मला हा शुद्ध छळ वाटत असे.

त्या दुपारी उलट वाचून घेणारे कोणी नव्हते. पहिल्यांदा मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला आणि अर्जाने तो तिथल्या तिथे नाकारला. या पत्त्यात ओ कधी येतच नाही, गोल दिसले की ते पूज्यच, हे मला तेव्हा सुचले. दुसऱ्यांदा माझ्याच अक्षरातला बी मला आठासारखा दिसला. अर्ज मंजूर झाला, फक्त तो जगातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राच्या नावाने. तिसऱ्या खेपेस मी तीन-तीनच्या गटांत, मोठ्याने वाचत लिहिले, आणि जोडणी झाली. लगेच यंत्राने अपडेट मागितले, ते उतरेपर्यंत अंधार पडला, आणि खेळायचे राहूनच गेले.

रात्री, तिकडे सकाळ झाल्यावर, फोनवर बाबांना हा किस्सा सांगितला. ते हसले आणि काहीही न विचारता त्यांनी आमचा तो जुना ग्राहक क्रमांक पूज्यांसकट म्हणून दाखवला. मी सवयीने तीनदा ‘हं’ म्हटले. ते घर विकून सात वर्षे झाली. त्या क्रमांकाचे बिल आता कोणाच्या नावाने येते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.